आधी बघू तरी

आमच्या सोसायटीत कुणाची गाडी बिघडली की ती गॅरेजला जाते. काकांची गाडी बिघडली की पार्किंगमध्ये सतरंजी येते. सतरंजीवर जुनी वर्तमानपत्रं, त्यांवर श्रीखंडाचे रिकामे डबे (एकात स्क्रू, एकात क्लिपा आणि एकात ‘हे कुठलं ते मागाहून बघू’), आणि बसायला काकूंच्या स्वयंपाकघरातला पाट. पाट खाली गेला की काकू समजून जातात, आज जेवणं दोनच्या पुढे.

असे काका सोसायटीगणिक एक तरी असतातच. पुण्यात जरा जास्त, कारण पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत मेन्टेनन्सला उभी हयात घालवून निवृत्त झालेली अख्खी पिढी इथल्या पार्किंगांतून फिरते आहे. ओळखायची खूण सोपी. लग्नाला जातानाही यांच्या खिशात टेस्टर असतो. पंगतीत डोक्यावरचा पंखा कुरकुरला तर जिलबीवरची नजर काढून ते वर बघतात, “बेअरिंग,” एवढंच म्हणतात आणि मठ्ठ्याकडे वळतात. यजमान मात्र कार्य आटोपेपर्यंत अधूनमधून वर बघत राहतो.

काका चिकट आहेत असा एक समज आहे. तो साफ खोटा. गॅरेजवाल्याचे 2,500 रुपये द्यायच्या ऐवजी 3,000 चा मल्टिमीटर विकत आणणाऱ्याला चिकट कोण म्हणेल? पैसे सुटत नाहीत अशातला भाग नाही. न बघता सुटत नाहीत. आपल्या घरातली वस्तू बिघडते म्हणजे काय, आणि ती नक्की कशाने बिघडली ते आपल्याला कळू नये म्हणजे काय! दुरुस्ती होवो न होवो, गुन्हेगार समोर आला पाहिजे.

तर गेल्या जुलैत त्यांच्या गाडीची ड्रायव्हरच्या बाजूची काच निम्म्यावर अडकली. गाडी 16 वर्षांची. 15 वर्षं भरल्यावर आरटीओकडून 5 वर्षांचं नूतनीकरण करून आणलेली. कंपनीचं नाव घेत नाही. काच वर जाईना, खाली येईना, बटण दाबलं तर आतून हूं नाही की चूं नाही. बाहेर पाऊस. मग काकूंच्या पैठणीचं चेनचं प्लास्टिक कव्हर टेपने दाराला डकवून काका गॅरेजला गेले. गॅरेजवाल्याने बटण दाबलं, दाराला कान लावला आणि निकाल दिला, “मशीन गेलं, काका. बदलून टाकू.”

गॅरेजच्या बोलीत ‘मशीन’ म्हणजे बटण आणि काच यांच्यामध्ये जे जे म्हणून काही आहे ते सगळं. मोटर, ड्रम, वायर, पट्टी. एक गेलं की सगळं गेलं.

“उघडून बघितलंस?” काकांनी विचारलं.

“त्यात बघायचं काय?”

हे ऐकलं आणि तो गॅरेजवाला काकांच्या मनातून जो उतरला तो उतरलाच. पैठणीचं कव्हर फडफडवत गाडी परत आली.

तपासाला त्याच रात्री सुरुवात झाली. बटण दाबलं की गाडीतला छताचा दिवा किंचित मंद होतो का, हे बघायचं होतं. मंद झाला तर मोटर जोर लावते आहे पण काच कुठेतरी अडली आहे. नाही झाला तर मोटरपर्यंत करंटच जात नाही, नाहीतर गेलेला आत घुसत नाही. युक्ती फार सुंदर आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. फक्त दिव्याकडे बघायला एक माणूस लागतो. काकूंना मागच्या सीटवर बसवण्यात आलं.

“झाला मंद?”

“नाही हो.”

“नीट बघ.”

“बघतेय की. मला तरी काही वाटत नाही.”

“आता?”

“आता तुम्ही इतक्यांदा विचारताय म्हणून झाल्यासारखा वाटतोय.”

काकांनी नोंद केली, “मंद होतो.” मग फ्यूज काढून पाहिला. तो ठणठणीत निघाला. तरीही दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीत जाऊन 20 आणि 30 अँपियरचे मूठमूठ फ्यूज आणले गेले, कारण ‘घरात असावेत’. त्याच फेरीत बोहरी आळीतून स्क्रू ड्रायव्हरांचा नवा संचही आला. त्याचा या प्रकरणाशी संबंध काय, ते काकूंनी विचारलं नाही.

रविवारी दार उघडलं. उघडलं म्हणजे आतून सोलून काढलं. एक स्क्रू हँडलच्या वाटीत, एक हात टेकवायच्या खाचेत, छोट्या झाकणाखाली लपवलेला. ते निघाले की पॅड नुसता कडेच्या क्लिपांवर राहतो. खालच्या कोपऱ्यात बोटं घालून ओढायचं. टक्, टक् करत क्लिपा सुटतात आणि मध्येच एक कट् असा वेगळा आवाज येतो. ती तुटली. काका तिकडे लक्ष देत नाहीत. जुन्या प्लास्टिकचा तो धर्म आहे. पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद, काळ्या चिकट गमने चिकटवलेला. हा गम आधी काकांच्या बोटांना लागला, बोटांचा चष्म्याला, चष्म्याचा नाकाला, आणि चहाच्या कपाच्या कानाला तो अजून आहे म्हणतात. दाराच्या पोटातून चिखल झालेली पानं, एक रुपयाचं नाणं आणि काकूंचं टिकल्यांचं हरवलेलं पाकीट निघालं. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला भोकं असतात, ती पानांनी बुजली होती. काकांनी खराट्याच्या काडीने ती मोकळी केली. तळातलं तुंबलेलं पाणी खाली सतरंजीवर आलं.

मी टॉर्च धरायला होतो. टॉर्च धरणाऱ्याला या धर्मात मोक्ष नाही. तो उजेड नेहमी चुकीच्या जागी पाडतो आणि योग्य जागी पाडला तर काकांचं डोकं मध्ये येतं.

उघडं दार आणि खाली बसलेला माणूस दिसला की गर्दी जमायला निरोप लागत नाही. दुसऱ्या मजल्यावरून खोबरेल तेलाची बाटली आली. “रबराला तेल नाही, सिलिकॉन स्प्रे,” असं म्हणून काकांनी ती परत पाठवली. एकाने दोन्ही तळहात काचेला लावून ती वर ढकलायला सुरुवात केली.

“सोडा हो! अशी चढायची नाही ती. आत वर्म गिअर आहे. मोटर चाकाला फिरवते, पण चाक मोटरला नाही फिरवू शकत. म्हणून तर चोराला वरून दाबून काच खाली करता येत नाही.”

मग ओघाने इतिहास आला. 1940 साली अमेरिकेत पॅकार्ड गाडीला अशा काचा पहिल्यांदा आल्या, त्या हायड्रॉलिक होत्या. फियाटला हँडल होतं आणि ते तुटलं की काका पकड लावून काच फिरवत. “जुनं ते सोनं,” असं गर्दीतलं कुणीतरी म्हणालं. “कसलं सोनं? मनगट दुखायचं,” काका म्हणाले. या माणसाला गतकाळाचे उमाळे येत नाहीत, हा त्यांचा मला फार आवडणारा गुण आहे.

तेवढ्यात मागच्या गाडीवाल्याला बाहेर पडायचं होतं. मी आत बसून, तारांना लोंबणारं बटण काकांच्या हुकमावरून दाबून धरलेलं. काका पाट घेऊन बाजूला झाले आणि वॉचमनने वाट करून द्यायला दार धाडकन लावलं.

काच वर गेली. सरळ, सुळकन, टोकापर्यंत.

पार्किंगमध्ये टाळ्या पडल्या. वॉचमनने लाजून टोपी सारखी केली. काकांचा चेहरा मात्र असा पडला, की कुणाला काही बोलवेना.

“खाली घ्या,” ते मला म्हणाले.

“काका, आभाळ आलंय.”

“खाली घ्या म्हणतो ना. ही काय दुरुस्ती आहे? योगायोग आहे हा.”

मी बटण दाबलं. काच खाली, पार दाराच्या पोटात गेली. पुन्हा वर घ्यायला दाबलं. शांत. हूं नाही की चूं नाही. पावसाचे दोन थेंब सीटवर पडले आणि काकांचा चेहरा उजळला.

कारण आता धागा हाती लागला होता. कपलर काढून त्यांनी टेस्टलॅम्प लावला. वर दाबलं तरी लागला, खाली दाबलं तरी लागला. याचीही त्यांना मौज वाटते. तारा त्याच दोन, फक्त प्लस-मायनसची अदलाबदल, की मोटर उलटी फिरते. सप्लाय आहे, मोटर गप्प आहे आणि दार आपटलं की चालते, म्हणजे कार्बन! ड्रमवरची वायर सुटू न देता त्यांनी मोटर बाहेर काढली, पत्र्याचे दुमडलेले कान पकडीने उघडले आणि आतली काळी भुकटी वर्तमानपत्रावर झाडली. दोनपैकी एक कार्बन ब्रश त्या भुकटीमुळे आपल्या खाचेत रुतून बसला होता. स्प्रिंग ढकलत होती, तो हलत नव्हता. दाराच्या हादऱ्याने तेवढ्यापुरता पुढे सरकला होता.

“बघा,” काका म्हणाले. नखाएवढा तो काळा तुकडा त्यांनी तळहातावर घेऊन गर्दीतल्या प्रत्येकाला दाखवला. वॉचमनला दोनदा.

पुढचं झिरो नंबरच्या पॉलिश पेपरचं काम. जोडताना दोन्ही ब्रश मागे दाबून धरायला काहीतरी हवं होतं, तेव्हा काकूंच्या केसांतला आकडा मागवण्यात आला. तो घेऊन त्या स्वतःच खाली आल्या.

“करंट आतच जात नव्हता,” काकांनी त्यांना समजावलं.

“मग दिवा कसा मंद होईल?” काकू म्हणाल्या. “मी त्या रात्रीच सांगितलं होतं.”

काकांनी उत्तर द्यायचं टाळून सिलिकॉन स्प्रे उचलला आणि रबरांवर मारायला घेतला. तीनच्या सुमारास काच चालली. काकांनी ती इतक्या वेळा वरखाली केली, की शेवटी काकूंनी किल्ली काढून घेतली.

आता अडचण अशी झाली आहे, की त्या दाराची काच नव्यासारखी पळते आणि त्यामुळे बाकीच्या तीन काचा काकांना जड वाटू लागल्या आहेत. त्यांतली एक, चांगली चालत असताना, त्यांनी गणपतीच्या आधी उघडली. काय सापडलं असं विचारल्यावर “काही नाही,” म्हणाले, पण समाधानाने म्हणाले. परवा लिफ्टमध्ये भेटले तेव्हा माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “तुमची डावीकडची काच वर जाताना शेवटी अडखळते. गेटवरून ऐकलं मी. रविवारी काय करताय?”

तेव्हापासून सोसायटीचं वळण ओलांडून मुख्य रस्त्याला लागेपर्यंत मी गाडीची एकही काच हलवत नाही.