श्रीमान डीफॉल्ट यांस अनावृत पत्र

श्रीमान डीफॉल्टसाहेब,

सा. न. वि. वि.

वर्ड किंवा एक्सेल उघडावे, तर आपण आमच्या आधीच गादीवर बसलेले असता. कुठले बटण कुठे दिसेल, कुठल्या कळीला कोणती आज्ञा असेल, काय समोर राहील आणि काय चार मेनूंच्या तळाशी जाईल, हे सगळे आपण आमच्या वतीने ठरवून ठेवलेले असते. आम्ही ना मत दिले, ना अर्ज केला. तरी कुरकूर नाही, कारण आपल्या राज्यात बहुतेकांचे बरे चालले आहे. हे पत्र उरलेल्यांच्या वतीने आहे. टूलबारवरची बटणे हवी तशी लावणे आणि शॉर्टकट आपल्या सोयीने ठरवणे, ही आपल्या दरबारी रिकामटेकड्यांची हौस समजली जाते. आमचे म्हणणे असे, की दिवसभर त्याच पडद्यासमोर बसून पोट भरणाऱ्या माणसाची ती रोजची गरज आहे, आणि याचा पुरावा आपल्याच दप्तरात पडून आहे.

आधी आपले उपकार मोजतो, म्हणजे कृतघ्नपणाचा ठपका नको. कापा, कॉपी करा, चिकटवा ही कल्पना झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवली. पुढे 1983 च्या ॲपल लिसा या संगणकावर झेड, एक्स, सी, व्ही या कळफलकाच्या खालच्या ओळीतल्या चार शेजारणींकडे अन्डू, कट, कॉपी आणि पेस्ट ही कामे आली, आणि चाळीस वर्षे उलटली तरी ती व्यवस्था बदलावी असे कुणाला वाटलेले नाही. डावा हात जागचा हलत नाही, उजवा माऊसवर राहतो. आपण असे नेमके बसता तेव्हा आम्ही आपल्यापुढे मान तुकवतो. पण चार कळा छान बसल्या म्हणून उरलेल्या दीड हजार आज्ञांची मांडणीही आपणच करावी, हे त्यातून कसे निघते?

दीड हजार हा आकडा आमच्या पदरचा नाही. वर्ड 2003 मध्ये आज्ञांची संख्या त्याच्याही वर गेली होती. ऑफिस 2007 मध्ये मेनू आणि टूलबार मोडीत काढून ‘रिबन’ आणली गेली, तेव्हा तिच्या आखणीचे प्रमुख जेन्सन हॅरिस यांनी लोक प्रत्यक्षात काय वापरतात याची आकडेवारी उघड केली. पेस्ट, सेव्ह, कॉपी, अन्डू आणि बोल्ड या पाच आज्ञांचाच वाटा सगळ्या वापरात सुमारे 32 टक्के, आणि एकट्या पेस्टचा 11 टक्क्यांहून अधिक. आपले भाट हा आकडा आपल्या बाजूने गातात: लोकांना काय लागते ते आम्हाला ठाऊक आहे, आम्ही ते समोर ठेवले आहे. आम्ही तोच आकडा दुसऱ्या टोकाने वाचतो. पाच आज्ञांत तिसरा हिस्सा संपला, मग दोन तृतीयांश कुठे गेला? तो शेकडो आज्ञांत थोडा थोडा विखुरला. पहिली काही नावे ओलांडली, की आलेख जवळजवळ सपाट होतो. म्हणजे सुरुवातीला सगळी माणसे सारखी आणि पुढे प्रत्येकाची वाट निराळी. पहिल्या भागासाठी आपण हवेतच. दुसऱ्या भागात आपण जे देता, ती गावातल्या सगळ्या पायांची सरासरी काढून शिवलेली वहाण आहे.

हा दुसरा भाग कसा दिसतो, ते जवळून पाहा. प्रबंध लिहिणाऱ्याला तळटीप लागते, हिशेबनीसाला सूत्र टाकून नुसती किंमत चिकटवायची असते, वकिलाच्या कचेरीत परिच्छेदांचे क्रमांक जुळवण्यात दुपार जाते. मराठी मजकुराचे मुद्रितशोधन करणाऱ्याचे दुखणे आणखी बारीक. ‘वाक्‌प्रचार’ या शब्दात क चा पाय मोडलेला दिसायला हवा. युनिकोडमध्ये नुसता हलन्त देऊन भागत नाही, अक्षरे एकमेकांना चिकटतात. मध्ये शून्य रुंदीचे, डोळ्यांना न दिसणारे एक चिन्ह घालावे लागते. वर्डमध्ये ते आहे. इन्सर्ट टॅबवर जा, सिम्बॉल उघडा, मोअर सिम्बॉल्स म्हणा, स्पेशल कॅरेक्टर्सचे पान काढा, यादीत ‘नो-विड्थ ऑप्शनल ब्रेक’ शोधा, घाला, खिडकी बंद करा. एका शब्दासाठी हा गोफ विणायचा आणि पुस्तकात असे शब्द शेकड्याने. त्याच खिडकीच्या तळाशी ‘शॉर्टकट की’ नावाचे बटण आहे. एकदा त्यातून या चिन्हाला मोकळी कळ नेमून दिली, की सारा प्रवास एका बोटावर येतो. हे चिन्ह आपण सगळ्या जगासाठी पहिल्या पानावर आणावे, अशी मागणी कुणीही शहाणा करणार नाही. ज्याला लागते त्याने आपल्यापुरते आणावे, आणि तशी वाट आहे हे त्याला कळावे, एवढेच.

यावर आपला हुकमी एक्का आम्हाला माहीत आहे: लोक बदल करतच नाहीत. हॅरिस यांच्याच माहितीनुसार ऑफिस 2003 च्या काळात दोन टक्क्यांहून कमी सत्रांत टूलबार बदललेले आढळले, आणि त्यातही 85 टक्के ठिकाणी बदल चार किंवा त्याहून कमी बटणांचा. यावरून ठरले, की मुभा आवरती घ्यायला हरकत नाही. 2007 मध्ये सामान्य वापरणाऱ्याच्या हाती उरली ती वरच्या कोपऱ्यातली क्विक ॲक्सेस टूलबार नावाची चिंचोळी पट्टी. रिबन बदलायची तर एक्सएमएल लिहायला बसा. पण साहेब, चार बटणे ही नगण्यतेची खूण कशी? माणसाला आपले काम ठाऊक असले, तर त्याला चारच लागतात. चाळीस बदलणारा हौशी म्हणा हवे तर, चार बदलणारा नेमका आहे. शिवाय ज्या दालनाचा रस्ता ‘टूल्स’ मेनूच्या तळातून जातो, तिथे गर्दी नाही म्हणून दालनच नको, हे अनुमान काढणाऱ्याने रस्त्यावर पाटी होती का, हेही विचारायला हवे होते. आणि लोकांना खरेच नको होते, तर 2010 च्या आवृत्तीत रिबन बदलण्याची सोय परत का आली? आम्ही त्या पुनरागमनाचे स्वागत करतो. अलीकडच्या आवृत्त्यांत ती चिंचोळी पट्टीच सुरुवातीला लपवलेली असते, याचे मात्र काय करावे ते सुचत नाही. तिच्यावर ठेवलेल्या पहिल्या बटणाला ऑल्ट-१, दुसऱ्याला ऑल्ट-२ असा शॉर्टकट आपोआप मिळतो; काही शिकावे लागत नाही, मॅक्रो लागत नाही. आपल्या राज्यातली ही सर्वांत स्वस्त सवलत आणि तिच्यावरच पडदा!

दुसरा युक्तिवाद नवा आहे, असे सांगणाऱ्यांना वाटते: माणसाने कशाला तसदी घ्यावी, यंत्रच त्याच्या सवयी पाहून मांडणी बदलेल. हे झाले आहे, साहेब. ऑफिस 2000 मध्ये मेनू स्वतःच ठरवत, की अलीकडे वापरलेले तेवढे दाखवायचे आणि बाकीचे तळाच्या दुहेरी बाणामागे दडवायचे. परिणाम असा, की काल तिसऱ्या ओळीत असलेली आज्ञा आज पाचवीत किंवा बेपत्ता. रिबनबरोबर ते मेनू गेले आणि कुणी रडले नाही. कारण उघड आहे. शॉर्टकट आणि बटणाची जागा लक्षात ठेवतात ती बोटे, आणि त्यांना हवी असते फक्त स्थिरता. मांडणी माणसाने बदलली तर त्याला ठाऊक असते काय हलवले आणि का. यंत्राने किंवा कंपनीने बदलली तर त्याच बोटांना पुन्हा उमेदवारी करावी लागते. वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही वर्षानुवर्षे स्वरूप चिकटवत असे. अलीकडे ती नुसता मजकूर चिकटवू लागली आणि स्वरूपाला कंट्रोल-ऑल्ट-व्हीवर धाडण्यात आले, जिथे आधी पेस्ट स्पेशलचे बिऱ्हाड होते. नवी व्यवस्था बहुसंख्यांना सोयीची आहे, हे आम्ही मान्य करतो. पण ज्यांचे बोट रोज शंभरदा तिकडे जाई, त्यांना जुनी कळ परत बांधून घेण्याची सोय वर्डमध्ये होती म्हणून ते निभावले. तुमचा सुधारणावाद आम्हाला सोसतो, तो याच दाराच्या जोरावर.

तिसरी हरकत खरी आहे, म्हणून तिची थट्टा करणार नाही. कार्यालयातला संगणक चार जण वापरतात. एकाने कळा फिरवल्या तर दुसरा अडतो. संगणकवर्गात शिकवणाऱ्याला सगळ्यांच्या पडद्यावर तेच दिसायला हवे. फोनवरून मदत करणारा ‘डावीकडचे तिसरे बटण’ म्हणतो, तेव्हा ते तिसरेच असावे लागते. काहींचा टूलबार तर नकळत ओढला जाऊन गायब होई, हेही जुन्या आवृत्त्यांत घडलेले आहे. पण यातली प्रत्येक अडचण मुभा काढून न घेता सुटते. वर्ड-एक्सेलमध्ये मूळ मांडणीवर परतायचे रीसेट बटण आहे, आणि केलेली मांडणी फाइलमध्ये काढून दुसऱ्या यंत्रावर नेता येते. लिब्रेऑफिसमध्ये कळांची अख्खी वाटणी साठवता आणि परत चढवता येते. कळ फक्त रायटर या त्यातल्या लेखन-प्रोग्रामपुरती की सगळ्या संचासाठी, हेही ठरवता येते. वर्गात आपलेच राज्य चालू दे. वर्ग सुटल्यावर माणूस कामाला लागतो, तेव्हाही शाळेचाच गणवेश कशाला?

आता मागणीकडे येतो, ती एक्सेलबद्दल आहे. वर्डमध्ये कुठल्याही आज्ञेला हवी ती कळ देता येते. विंडोजवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिल्यावाचून ती सोय आजही नाही. तिथे एफ-२ दाबले की खण दुरुस्तीसाठी उघडतो, एस्केप दाबले की दुरुस्ती रद्द होते, आणि दोघांच्या मधोमध एफ-१ बसलेले आहे, ज्याने मदतीचे पान उघडते. घाईतले बोट जरा चुकले, की न मागितलेली मदत हजर. आकडेमोडीवर जगणाऱ्या लोकांत एफ-१ ची कळ कळफलकावरून चक्क उपटून टाकायची रीत आहे. सॉफ्टवेअरने जे करू दिले नाही, ते माणसाने स्क्रू-ड्रायव्हरने केले. यापेक्षा स्पष्ट मतदान आपल्याला कुठल्या आकडेवारीत सापडणार?

आणि हे आपल्या घराण्याच्या परंपरेविरुद्धही नाही. लोटस 1-2-3 हे आकडेमोडीचे सॉफ्टवेअर आले 1983 मध्ये. त्यात तिरकी रेघ दाबली की मेनू उघडे. ते सॉफ्टवेअर बाजारातून गेले, तरी एक्सेलमध्ये आजही तीच तिरकी रेघ रिबनच्या कळा जाग्या करते, आणि ती कोणती असावी हे ‘ॲडव्हान्स्ड’ पर्यायांत बदलताही येते. ऑफिस 2003 चा मेनू नाहीसा झाला, पण ऑल्ट, ई, एस असे ओळीने दाबले की पेस्ट स्पेशल अजून उघडते. प्रतिस्पर्ध्याच्या आणि स्वतःच्या मेलेल्या मेनूंची बोटे आपण इतक्या प्रेमाने सांभाळता, तर जिवंत माणसाच्या बोटांसाठी वर्डमधली ती ‘कस्टमाइझ कीबोर्ड’ची खिडकी एक्सेलमध्येही द्यावी, आणि तोवर ऑल्ट, ई, एस बंद करू नये.

कळावे, लोभ आहे तो वाढावा.

आपली,
पहिल्या पाच आज्ञांपलीकडची रयत