गुडघ्याला बाशिंग बांधण्यापूर्वी

(औरंगाबादच्या गुलमंडी आणि परिसरातील नवइच्छुकांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका)

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाका. तुम्ही उमेदवार नाही, इच्छुक आहात. उमेदवारी पंधरा दिवसांची असते, इच्छुकपण वर्षानुवर्षं टिकतं. या काळात बॅनरचा खर्च तुमचा आणि बॅनरवरचा मोठा फोटो साहेबांचा. तुमचा फोटो खाली डाव्या कोपऱ्यात, हात जोडलेला. हात जोडायची सवय आत्तापासूनच लावून घ्या. पुढे मतदारांसमोर फारशी लागली नाही तरी पक्षाच्या निरीक्षकांसमोर लागेल.

सरावासाठी गुलमंडीसारखी जागा नाही. मराठवाड्यातली शिवसेनेची पहिली शाखा ८ जून १९८५ ला इथेच निघाली. तेव्हापासून तिकीट कोणाला, हे मुंबईत ठरत असलं तरी कोणाला मिळायला हवं होतं, हे सुपारी हनुमानापासून टिळकपथापर्यंतच्या प्रत्येक दुकानाच्या पायरीवर ठरलेलं असतं. संध्याकाळी सातनंतर उभे राहा आणि नुसतं ऐका. बोलू नका. इथे बोललेलं वाक्य तुम्ही पैठणगेटला पोहोचायच्या आत तिथे पोहोचलेलं असतं.

साहित्य: जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, वॉर्डाची मतदार यादी, दोन मोबाइल, ऊठबस करणारी पोरं आणि न संपणारा चहा. आरक्षणाच्या सोडतीत शाळकरी पोराच्या हातून निघालेली चिठ्ठी ‘सर्वसाधारण महिला’ अशी आली, तर घाबरू नका. बॅनरवर सौभाग्यवतींचं नाव येईल, फोटो दोघांचा येईल. त्यात कोणाचा मोठा ठेवायचा, हे सांगायला मार्गदर्शिका लागत नाही.

आता मुलाखत. निरीक्षक बाहेरगावचे असतात. ते तुमचं काम विचारतात, तुम्ही फाइल पुढे करता, आणि ते न उघडता विचारतात, “वॉर्डात तुमचा समाज किती?”

सगळी परीक्षा या एका प्रश्नाची आहे, म्हणून तयारी नीट करा. समाज म्हणजे जात, हे तुम्हाला कळलंय असं दाखवायचं, पण तोंडानं म्हणायचं नाही. आकडा थोडा फुगवून सांगायचा. समाज खरंच छोटा असेल तर “सगळ्या समाजात आपली ऊठबस आहे, साहेब,” असं म्हणायचं. निरीक्षक मान हलवतील आणि वहीत काहीच लिहिणार नाहीत. याला पक्षात ‘निवडून येण्याची क्षमता’ म्हणतात. इंग्रजी येणारे ‘इलेक्टिव्ह मेरिट’ म्हणतात. क्षमता हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्याच्या पोटात जात मावते, पैसा मावतो, पुतण्याही मावतो. मावत नाही ती फक्त तुमची फाइल. पुतण्यावरून आठवलं: २०१५ च्या महापालिका निवडणुकीत याच गुलमंडी वॉर्डात तत्कालीन खासदारांचे पुतणे सेनेचे अधिकृत उमेदवार होते. क्षमतेत काय कमी होतं? पण पडले.

सराव उदाहरणे.

उदाहरण पहिले. औरंगाबाद मध्य, २०१४. युती तुटलेली. एमआयएमचे इम्तियाज जलील ६१,८४३, सेनेचे प्रदीप जैस्वाल ४१,८६१, भाजपचे किशनचंद तनवाणी ४०,७७०. जलील निवडून आले. प्रश्न: जैस्वाल आणि तनवाणी यांची बेरीज करा.

८२,६३१ हे उत्तर अंकगणितात बरोबर आणि राजकारणात अर्धवट आहे. दोघांपैकी एकच उभा असता तर दुसऱ्याची सगळी मतं मुकाट त्याच्याकडे आली असती, हे कुणी कुठे मोजून पाहिलं? तरी ही बेरीज दहा वर्षं गुलमंडीवर घोकली गेली. ती किती खोल गेली, हे २०२४ च्या विधानसभेला दिसलं. तनवाणींना उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेनं याच मतदारसंघात तिकीट दिलं. तिकिटासाठी लोक देव पाण्यात बुडवून बसतात, आणि यांनी अर्ज भरायची मुदत संपायच्या तोंडावर हाती आलेलं तिकीट परत केलं. कारण सांगितलं: मतविभाजन होऊन २०१४ ची पुनरावृत्ती नको. पक्षानं त्यांना पदावरून काढलं आणि बाळासाहेब थोरातांना उभं केलं (संगमनेरचे नव्हेत, आपले). म्हणजे मतविभाजन व्हायचं ते झालंच. थोरातांनी तीस हजारांहून जास्त मतं घेतली, आणि तरीही शिंदेंच्या शिवसेनेचे जैस्वाल साधारण आठ हजारांनी निवडून आले. उदाहरण सोडवायला दिलं होतं ते असं, आणि मतदारांनी सोडवलं भलतंच.

जैस्वालांचंच आणखी एक घ्या. २००९ ला सेनेनं तिकीट दुसऱ्याला दिलं. ते अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. ज्याला तिकीट नाकारलं त्याच्याकडेच क्षमता होती, हे पक्षाला निकालाच्या दिवशी कळलं. तसं क्षमता नेहमी निकालाच्या दिवशीच कळते. त्याच्या आधी जे कळतं ते समाज किती, एवढंच.

इथे थोडं थांबा, हा भाग कुठल्याही निरीक्षकाच्या वहीत मिळणार नाही. ‘मतविभाजन’ हा शब्द कोणाच्या मतांबद्दल वापरतात, ते कान देऊन ऐका. शेजारच्या मोहल्ल्यातली मतं काँग्रेस, राष्ट्रवादी आणि एमआयएममध्ये फुटली, तर गुलमंडीवर कुणी हळहळत नाही. “समीकरण जुळलं,” म्हणतात. मतं तीच आणि फुटणंही तेच, नाव मात्र बदलतं. सेनेच्या ‘खान की बाण’ या घोषणेत तर बेरीज करायचीही गरज ठेवलेली नाही, उत्तर प्रश्नातच बसवून दिलं आहे. आता त्याच जिल्ह्यातल्या सिल्लोडला जाऊन या. अब्दुल सत्तार २०१९ आणि २०२४ असे दोन्ही वेळा धनुष्यबाणावरच निवडून आले. खानही मिळाला, बाणही मिळाला, आणि आभाळ कोसळलं नाही. औरंगाबाद लोकसभा मतदारसंघातून १९८० साली उर्दू कवी काझी सलीम दिल्लीला गेले होते, हे नव्या पोरांना सांगून पाहा. विश्वास ठेवणार नाहीत.

दुसऱ्या बाजूचीही वही बघा, तिथे काही फार वेगळं लिहिलेलं नाही. २०१९ ला जलील लोकसभेला निवडून आले ते वंचित बहुजन आघाडी सोबत असताना, अवघ्या ४,४९२ मतांनी. २०२४ ला ती सोबत नव्हती आणि संदीपान भुमरेंनी त्यांना १,३४,६५० मतांनी पाडलं. बेरीज सगळेच करतात. आपली बेरीज म्हणजे रणनीती आणि समोरच्याची म्हणजे जातीयवाद, एवढाच काय तो फरक.

उदाहरण दुसरे, जरा अवघड. चंद्रकांत खैरे बुरुड समाजातले. या मतदारसंघात बुरुड समाजाची मतं किती? निरीक्षकांनी नुसता हाच प्रश्न विचारला असता, तर १९८८ च्या पहिल्या महापालिकेपासून सुरू झालेली वाटचाल तिथेच थांबली असती. ते दोनदा आमदार झाले, नंतर १९९९ पासून सलग चारदा खासदार. पाचव्या खेपेला, २०१९ मध्ये, अपक्ष हर्षवर्धन जाधवांनी २,८३,७९८ मतं घेतली आणि खैरे पडले. लगेच गुलमंडीवर सगळ्यांना आठवलं की त्यांचा समाज छोटा आहे. चार वेळा कसा आठवला नव्हता, हे मी एका जाणकाराला विचारलं. तो म्हणाला, “तेव्हा लाट होती.” लाट हे समाजाचंच दुसरं नाव असावं. निवडून आला की लाट, पडला की समाज.

परदेशी पद्धत माहीत असलेली बरी, वाद घालताना उपयोगी पडते. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार पक्षाचे मतदारच निवडतात. २००८ ला ओबामांविषयी हीच कुजबुज होती: माणूस चांगला आहे हो, पण गोरे लोक मत देतील का? ३ जानेवारीला आयोवात, म्हणजे बहुसंख्य गोऱ्यांच्या राज्यात, डेमोक्रॅटांनी त्यांनाच पहिला कौल दिला. कुजबुज लगेच संपली नाही, पण निदान प्रश्न ज्यांच्याविषयी होता त्यांनाच विचारला गेला. आपल्याकडे काँग्रेसनं २०१४ ला देशात मोजक्या लोकसभा मतदारसंघांत असाच प्रयोग केला. मराठवाड्यातलं लातूर त्यात होतं. कार्यकर्त्यांच्या मतदानातून दत्तात्रय बनसोडे पुढे आले आणि मोदी लाटेत अडीच लाखांहून जास्त मतांनी पडले. प्रयोग गुंडाळला गेला. साहेबांनी परस्पर निवडलेले कितीतरी उमेदवार त्याच लाटेत पडले, पण साहेबांनी निवडण्याची पद्धत काही गुंडाळली गेली नाही.

तुम्ही म्हणाल, मग करायचं काय? माझा सल्ला कोणी मानत नाही, तरी देतो. मुलाखतीत समाजाचा प्रश्न आला की उलट विचारा, “साहेब, मागच्या वेळी तुम्ही समाज मोजून दिलेले किती जण निवडून आले?” तिकीट मिळणार नाही, पण निरीक्षक वहीत पहिल्यांदा काहीतरी लिहितील.

तिकीट नाहीच मिळालं तर तीन वाटा आहेत. निष्ठावंत म्हणून रडा, बंडखोर म्हणून उभे राहा, किंवा स्वीकृत सदस्याच्या आश्वासनावर शांत बसा. शेवटची वाट सगळ्यांत लांब आहे.

आणि मिळालंच, तर एबी फॉर्म खिशात नीट घडी करून ठेवा, गर्दीत फाटतो. अर्ज शेवटच्या दिवशी ठरल्या वेळेपर्यंतच घेतात. बी फॉर्मवर तुमचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि पत्ता लिहायचा असतो. जातीचा रकाना त्यावर नाही.