निरंक

भोगावतीला पूर आला की अर्धं पेण पुलाकडे धावतं. एकोणनव्वदला पाणी इथवर होतं, दोन हजार पाचला तिथवर होतं, यावर छत्र्या एकमेकींत अडकेपर्यंत वाद होतात. आमचे शेजारी भाऊ त्या वेळी घरात पांघरूण घेऊन झोपलेले असतात. पाणी उतरलं, दुकानदारांनी चिखल उपसायला घेतला, सगळे "सुटलो एकदाचे" म्हणू लागले, की भाऊ उठतात आणि गमबूट शोधू लागतात.

"पूर काय, आला नि गेला," ते म्हणतात. "खरी गंमत आता."

गंमत म्हणजे गॅस्ट्रो, कावीळ आणि लेप्टो.

भाऊ आरोग्य खात्यातून आरोग्य सहायक म्हणून निवृत्त झाले. अर्धी नोकरी पेण तालुक्यात, अर्धी रोह्यात. जाणं-येणं दिवा-रोहा गाडीने. असा एक माणूस कोकणातल्या प्रत्येक तालुक्यात असतो. डॉक्टर बदलून जातात, हा मात्र हलत नाही. त्याला ओळखायची खूण म्हणजे पँट. भाऊंच्या प्रत्येक पँटवर गुडघ्याच्या खाली पांढरे डाग आहेत, ब्लीचिंगचे. त्यांच्या भाषेत टीसीएल. लग्नात घेतलेल्या चॉकलेटी सफारीवरसुद्धा ते आहेत, कारण लग्न जुलैत होतं आणि कार्यालयाच्या मागे विहीर होती. "हे फाटकाशी आले की मला स्वयंपाकघरात वास येतो," वहिनी सांगतात. "बेल लावायचा खर्च वाचला."

खांद्याला पिशवी. पिशवीत विजेरी, ओआरएसची पाकिटं, क्लोरीन तपासायची ओटीची बाटली, एक काचनळी आणि दर मीटरला गाठ मारलेली दोरी. ही दोरी म्हणजे भाऊंचं जानवं. विहीर दिसली की ती बाहेर येते. व्यासाचा वर्ग, गुणिले खोली, गुणिले 3.14, भागिले 4. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी म्हणजे अठ्ठावीस हजार लिटर, वर थोडं. हजार लिटरला 5 ग्रॅम पावडर, म्हणजे 141 ग्रॅम. हे ते तोंडी सांगतात. पुढे पुढे सवय इतकी हाताबाहेर गेली की बासुंदीच्या पातेल्याकडेही ते त्याच नजरेने बघतात.

एकदा नागोठण्याच्या खालच्या अंगाला, अंबा नदीकाठच्या एका वाडीत त्यांच्याबरोबर गेलो होतो. पूर ओसरून तिसरा दिवस. विहिरीच्या कठड्याला गाळाची रेघ, आत तरंगणारी एक चप्पल. मला वाटत होतं पावडर वरून भुरभुरवायची आणि निघायचं. भाऊंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवावर चपलेसकट फुलं उधळतोय. त्यांनी बादलीत पावडर घेतली, थोडं पाणी घालून पिठलं ढवळावं तशी गुठळ्या मोडून कालवली, मग बादली भरली आणि दहा मिनिटं नुसते बसून राहिले. चुन्याचा साका खाली बसला. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतली, ती दोरीला बांधून विहिरीत सोडली आणि पाण्याखाली वर-खाली, वर-खाली केली. साका लांब नेऊन खड्ड्यात टाकला. मग अर्धा तास थांबणं. या अर्ध्या तासात भाऊ कोणाशी बोलत नाहीत. अखेर काचनळीत पाणी, त्यात ओटीचा थेंब. पाणी लगेच पिवळं झालं. भाऊंच्या चेहऱ्यावर मुलीची हळद बघणाऱ्या बापाचं समाधान पसरलं.

तेवढ्यात एक आजी कळशी घेऊन आली. वास घेतला आणि कळशी उपडी केली. "भाव, या पान्याला वास येतंय. आमी नाय पिनार."

"आजी, वास येतो म्हणूनच प्यायचं. ज्याला वास नाही ते पाणी संशयाचं."

आजीला हे काही पटलं नाही. खरं सांगायचं तर ऐकताना मलाही पटलं नाही. मग भाऊंनी तिच्यासमोर दोन पेले घटाघटा रिचवले. आजीने पाच मिनिटं त्यांचं निरीक्षण केलं, हा पडत नाही अशी खात्री झाल्यावर कळशी भरली. भाऊंच्या मते आरोग्यशिक्षण ते हेच. असे दोन-दोन पेले पिऊन या माणसाने नोकरीभरात किती क्लोरीन पोटात घातलं असेल याचा हिशेब मात्र त्यांनी कधी केलेला नाही.

नोकरीतली पहिली आपत्ती म्हणजे 1989 चा जुलै. अंबेने एका रात्रीत सुधागडातल्या जांभूळपाड्याची धूळधाण केली आणि खाली नागोठण्यात शिरली. त्या पुराबद्दल बोलताना लोकांचा आवाज आजही खाली येतो. भाऊंचाही येतो, पण ते सांगतात ती हकीकत कुजलेल्या भाताची, मेलेल्या गुरांची, बुडालेल्या संडासांची आणि रोज संध्याकाळी वर पाठवायच्या तक्त्याची. जुलाब किती, ताप किती, कावीळ किती. ज्या रकान्यात आकडा नसेल तिथे लिहायचं : निरंक. सरकारी मराठीतला हा शब्द भाऊंना फार प्रिय. इतर माणसं "सुखरूप आहे" म्हणतात, भाऊ म्हणतात "निरंक." नातीच्या बारशाला पाळण्यात वाकून त्यांनी ताप नाही, पुरळ नाही, हे पाहिलं आणि तोच शब्द उच्चारला. सून माहेरी जाता जाता राहिली.

पुढे कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांच्या हाती स्फिअर नावाची पोथी लागली. जगभरच्या मदतसंस्थांनी मिळून ठरवलेली मापं तिच्यात आहेत : आपत्तीत माणशी रोज किमान 15 लिटर पाणी, एका नळामागे जास्तीत जास्त 250 माणसं, 20 माणसांमागे एक शौचालय. झालं! तेव्हापासून भाऊंना लग्नाला बोलवायची सोय राहिली नाही. पेणच्या एका कार्यालयात हजार पानांचं जेवण होतं. भाऊ अक्षता टाकायच्या आधी मागच्या बाजूला जाऊन आले.

"पन्नास पाहिजेत. आहेत चार."

"भाऊ, हे लग्न आहे. निर्वासितांची छावणी नाही."

"फरक काय? सगळे घरदार सोडून आलेत, हातात बोचकी आहेत, आणि ताट घेऊन रांगेत उभे आहेत."

मग जिलेबीच्या वेळेला त्यांनी गोम्याची गोष्ट काढली. गोमा म्हणजे तेव्हाच्या झाईरमधलं गाव. पण भाऊ ते कोलाडच्या पुढचं स्टेशन असल्यासारखं सांगतात. 1994 मध्ये रवांडातले लाखो निर्वासित तिथे आले. जमीन ज्वालामुखीच्या दगडाची, शौचखड्डा खणायला पहार लागेना. कत्तलीच्या देशातून जिवंत निसटलेली माणसं पटकी आणि हगवणीने गेली, महिन्याभरात पन्नास हजारांच्या घरात. आमच्या ताटातली जिलेबी त्या दिवशी उरली.

श्रावण जवळ आला की त्यांची दुसरी मोहीम. पेणचे गणपतीचे कारखाने जगप्रसिद्ध. परदेशीही इथले बाप्पा जातात. कारखान्यात शिरणारा माणूस आधी हात जोडतो. भाऊ आधी विजेरी पेटवून कोपऱ्यातल्या पिंपात डोकावतात. ओल्या हाताच्या कारागिरांसाठी भरून ठेवलेलं स्वच्छ पाणी, त्यात वळवळणाऱ्या अळ्या. "डेंगीच्या डासाला घाण पाणी चालत नाही, तो सोवळ्याचा," असं म्हणून ते पिंप आडवं करतात. मालक शिव्या देतो, रंगाऱ्याची चटई भिजते, शेकडो गणपती शांतपणे बघत राहतात. रोह्याला धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस मानवंदना देतात, साऱ्यांच्या माना पालखीकडे असतात. भाऊंची मान वर, पाण्याच्या टाकीला झाकण आहे का हे बघत.

मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण मात्र त्यांनी आपत्तीत धरलेलं नाही. "आपत्तीला शेवट असतो," ते म्हणतात.

3 जून 2020 ला निसर्ग वादळाने रोह्याकडची कौलं, पत्रे आणि विजेचे खांब आडवे केले, तेव्हा भाऊ निवृत्त होते. करोनाचे दिवस, वय साठीचं. वहिनींनी पिशवी लपवली. भाऊ तिच्याशिवाय गेले. मदतीचे ट्रक येत होते : बिस्किटं, फरसाण, जुन्या साड्या. मास्कमधून भाऊ प्रत्येक ट्रकवाल्याला एकच विचारत, "साबण आणलाय का? झाकणाची भांडी?" एका उत्साही मंडळाने त्यांना आपद्ग्रस्त समजून फरसाणाचं पाकीट दिलं आणि फोटो काढला. भाऊंचा छापून आलेला एवढाच फोटो.

त्यांच्या निरोप समारंभाची गोष्ट राहिलीच. वक्त्याने विचारलं, "भाऊ, एवढ्या नोकरीतली सर्वात मोठी कामगिरी सांगा." भाऊ उभे राहिले. म्हणाले, "2005 च्या पुरानंतर माझ्या गावांत साथ आली नाही." आणि बसले. लोक पुढचं ऐकायला थांबले. पुढचं काही नव्हतंच. न आलेल्या साथीवर टाळी नेमकी कुठे द्यायची हे कोणाला कळेना. शेवटी वक्त्याने ते मनमिळाऊ स्वभावाचे होते असं सांगून वेळ मारून नेली, आणि ते तर सपशेल खोटं होतं.

यंदाही खारेपाटात कुठे बंदिस्तीला खांड पडून भरतीचं पाणी गावात शिरलं, की भाऊ जाणार. उंदराच्या मुताने लेप्टो कसा होतो हे लोकांच्या ऐन जेवणाच्या वेळी समजावणार, आणि डॉक्सिसायक्लिनची गोळी "घरी जाऊन घेतो" म्हणणाऱ्याला आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंसमोरच गिळायला लावणार. तुम्ही पेणला आलात तर त्यांच्याकडे चहाला जरूर जा. फक्त पाणी उकळलेलं आहे का, असं विचारू नका. उकळलेलं असतं आणि क्लोरीनचंही असतं, आणि चहाला तशीच चव असते.