एक दात मागे

आमची लोगन मूळची सातपूरची. महिंद्र आणि रेनोने मिळून २००७ साली ही गाडी काढली, तेव्हा ती इथेच नाशकात बनायची. आम्ही सिडकोत राहतो, म्हणजे गाडीचं माहेर हाकेच्या अंतरावर. अशा माहेरवाशिणीचा टायमिंग बेल्ट परक्याच्या हातून का बदलून घ्यायचा, असा उदात्त विचार करून मी पाने बाहेर काढले. (गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा हे कारण दुय्यम. निदान घरात तरी मी तसंच सांगितलं.)

या गाडीचं इंजिन आडवं. बेल्टकडच्या बाजूला जेमतेम एक हात जातो, तोही साबण लावलेला. शिवाय उजवीकडचं माउंटिंग सोडायचं, म्हणून इंजिनला खालून जॅकचा टेकू द्यायचा आणि मध्ये लाकूड घालायचं. घरात जाड, सपाट लाकूड एकच होतं. संध्याकाळी पोळ्या ओट्यावर लाटल्या गेल्या.

हिशेब सोपा असतो. खालच्या क्रँकच्या दोन फेऱ्यांत वरच्या कॅमची एक फेरी, आणि खुणा खुणांना जुळल्या पाहिजेत. लेकीच्या नेलपॉलिशने मी त्या ठसठशीत केल्या, बेल्ट चढवला, टेन्शनर आवळला. आवळताना वरची खूण जराशी सरकल्यासारखी वाटली. तिरकं बघितलं की जुळत होती, म्हणून मी तिरकंच बघितलं.

गाडी चालू झाली, पण डॅशबोर्डवरचा गणपती मान डोलवायला लागला. आयडलिंगला नुसती धडधड, इंजिनचा दिवा लागलेला, पिकअप नावालाही नाही. पाथर्डी फाट्याकडे जाताना एका सायकलवाल्याने मला मागे टाकलं, आणि वर वळून काळजीने बघितलं.

सिडकोत गाडी बिघडली की मेकॅनिक शोधावा लागत नाही. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत निम्मी कॉलनी घासलेली, त्यामुळे बॉनेट उघडायचा अवकाश, सल्लागार मंडळ जमतं. "मिसिंग करतेय, प्लग बदला." "पेट्रोलमध्ये पाणी आहे." "कॉइल गेली, लिहून घ्या." मी प्लग बदलले, कॉइलच्या वायरी दाबून बघितल्या, एअर फिल्टर झटकला. म्हणजे ज्या-ज्या वस्तूंना मी हात लावला नव्हता त्या सगळ्या तपासल्या. बेल्टबद्दल कुणी विचारलं की मी विषय कांद्याच्या भावावर नेत होतो.

शेवटी मागच्या गल्लीतले काका आले. अंबडला तीस वर्षं फिटर. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला, नाडी बघावी तसा.

"चावी मारायच्या आधी पान्याने दोन फेऱ्या फिरवल्या होत्यास?"

"चालू तर झाली ना लगेच," मी म्हणालो.

"अरे, फिरवताना अडलं असतं तर हाताला कळलं असतं. स्टार्टरला काय कळतंय? दोन-तीन दात चुकले असते तर व्हॉल्व पिस्टनवर आपटून वाकले असते. मग हेडच उतरवायचं."

'हेड' हा शब्द त्यांनी इतक्या हळू उच्चारला की मी आपोआप स्वतःच्या डोक्याला हात लावला.

कव्हर निघालं. काकांनी चारही प्लग काढले, क्रँकच्या बोल्टला पाना लावला आणि हलकेच फिरवत खालची खूण बरोबर जागेवर आणली. मग मला समोर उभं केलं. सरळ. नेलपॉलिशचा वरचा ठिपका एक दात मागे होता. बेल्टची ढिली बाजू टेन्शनरकडे ठेवायची सोडून मी दुसरीकडे ठेवली होती, आणि आवळताना त्या ढिलाईने कॅम ओढला. पुन्हा पोळपाट, पुन्हा जॅक. या वेळी दोन फेऱ्या हाताने, मग आणखी दोन माझ्या समाधानासाठी. चावी मारली. गणपती स्वस्थ बसला.

काका म्हणाले, तारीख आणि किलोमीटर लिहून कव्हरवर चिकटव. मी चिकटवलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर खाली बायकोच्या अक्षरात एक ओळ वाढली होती : "पुढचा गॅरेजमध्ये. नवीन पोळपाट मेनरोडवरून, आजच."