फुकटच्या ढगाचं बीजक

फुकट मिळणाऱ्या ढगावर, म्हणजे क्लाउड साठवणुकीवर, किती विसंबावं, या प्रश्नावर मत द्यायचा अधिकार ग्वाल्हेरला इतर गावांपेक्षा अंमळ जास्त आहे. शून्य किंमत लिहायची तर आधी शून्य हवं, आणि ते आमच्याकडे इसवी सन ८७६ पासून आहे. किल्ल्यावर चढताना वाटेत चतुर्भुजाचं लहानसं देऊळ लागतं, एकाच कातळात कोरलेलं. तिथल्या शिलालेखात एका दानाची नोंद आहे: देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन, शिवाय रोज ५० हार. यातलं शून्य आज शाळेत काढतात तसंच वाटोळं आहे, फक्त शेजारच्या आकड्यांपेक्षा बारीक. आपण पुढे केवढे मोठे होणार याची त्याला तेव्हा कल्पना नसावी. जगभरचे गणिती ते बघायला येतात. मला मात्र त्या शून्यापेक्षा भोवतालचा हिशेब जास्त आवडतो. देवाला हार फुकट मिळणार होते, पण ते कुठून येणार हे झाकून ठेवलेलं नाही. जमीन कुठली, हार माळ्यांनी द्यायचे, दिव्याचं तेल तेल्यांनी घालायचं, सगळं दगडात कोरलंय. फुकट सेवेचा खर्च कोण सोसणार हे सेवेच्याच पाटीवर लिहायची ही रीत नंतरच्या साडेअकराशे वर्षांत फारशी कुणी पाळलेली दिसत नाही. हल्ली पाटीवर नुसतं शून्य असतं. तेल्याचं नाव शोधायचं तर अटी-शर्तींची पानं उलटावी लागतात, आणि ती कुणी उलटू नयेत म्हणून खाली ‘मान्य आहे’चं निळं बटण ठेवलेलं असतं.

ढगाची विश्वासार्हता तपासताना लोक पहिला प्रश्न विचारतात तो हा, की ‘फोटो उडणार तर नाहीत ना?’ माझ्या मते हा सगळ्यांत कमी महत्त्वाचा प्रश्न. मोठ्या कंपन्यांच्या गोदामांत डिस्का रोजच मरत असतात. वर्षाकाठी शंभरांतल्या एक-दोन जातात असा अनुभव आहे. पण एकाच फोटोच्या प्रती अनेक डिस्कांवर असल्याने आपल्याला त्या मर्तिकाची वार्ताही लागत नाही. क्वचित अपघात होतात. मायस्पेस या संकेतस्थळाने सर्व्हर हलवताना २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेली गाणी गमावली आणि २०१९ मध्ये तसं कबूल केलं. पण अशा अपघातांची यादी छोटी आहे. ‘आमचा विचार बदलला’ ही यादी मात्र लांबत जाते. फ्लिकरने २०१३ मध्ये प्रत्येकाला एक टीबी जागा फुकट दिली आणि २०१८ मध्ये हजार फोटोंची मर्यादा घालून वरचे फोटो काढून टाकणार असल्याचं कळवलं. मायक्रोसॉफ्टने आपली फुकट जागा २०१२ मध्ये २५ जीबीवरून ७ वर आणली, मग १५ केली, आणि २०१५ मध्ये ५ वर आणत असल्याचं जाहीर केलं. इतके चढउतार तर आमच्या किल्ल्याच्या वाटेलाही नाहीत. गूगल फोटोजने २०१५ मध्ये ‘हवे तितके ठेवा’ म्हटलं आणि १ जून २०२१ पासून ते १५ जीबीच्या हिशेबात धरायला सुरुवात केली. त्याच १५ जीबीत तुमची पत्रंही आली, त्यामुळे लग्नाचे व्हिडिओ फार झाले की बँकेचं पत्र दारातून परत जाण्याची पाळी येते. उबंटू वन २०१४ मध्ये, कॉपी नावाची सेवा २०१६ मध्ये आणि ॲमेझॉन ड्राइव्ह २०२३ च्या अखेरीस बंद झाली. यांतल्या बहुतेकांनी आगाऊ सूचना दिली, मुदत दिली, सामान न्यायला वेळ दिला. म्हणजे चोरी कुणीच केली नाही. यजमानाने पंगतीत आग्रह करकरून जिलबी वाढावी आणि पान भरल्यावर पाटाचं भाडं सांगावं, एवढंच झालं.

या यादीतून एक निष्कर्ष निघतो तो ऐकायला वेडगळ वाटेल. फुकट देणारा जितका हात सैल सोडतो, तितका त्याचा भरवसा कमी. ड्रॉपबॉक्स सुरुवातीपासून २ जीबी देतं आणि अजून तेवढंच देतं. ॲपलने २०११ मध्ये ५ जीबी दिले, त्यानंतर कॅमेरे कुठल्या कुठे गेले, पण ते ५ जीबी सासूबाईंच्या मतासारखे जागचे हलले नाहीत. आम्ही इतकी वर्षं या कंपन्यांना चिक्कू म्हणून नावं ठेवली. प्रत्यक्षात चिक्कूपणा हाच त्यांच्या भरवशाचा पुरावा ठरला. कारण सरळ आहे. एवढीशी जागा म्हणजे दुकानाबाहेर चाखायला ठेवलेला गजकचा तुकडा; तो परवडतो, म्हणून रोज ठेवता येतो. अख्खी परात उघडी टाकणाऱ्याला गिऱ्हाईक जमवायची घाई असते, आणि ती घाई संपली की परातीवर झाकण येतं. रिलायन्सने २०२४ मध्ये जिओच्या ग्राहकांसाठी १०० जीबी जाहीर केले, तेही याच मापाने बघावेत. घेऊ नयेत असं मुळीच नाही. घ्यावेत, वापरावेत, आणि तेल कुठल्या घाण्यातून येतंय याकडे एक डोळा ठेवावा.

इथे पहिला आक्षेप ठरलेला: पैसे भरा की! फुकट्याला तक्रारीचा अधिकार नाही, पैसे मोजणाऱ्याला असतो. हे अर्धं खरं आहे. पैसे भरले की तक्रार ऐकणारा माणूस मिळतो. आग मात्र पावती बघून लागत नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तिथे रोख पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकांचाही मजकूर होता, आणि ज्यांनी दुसरी प्रत इतरत्र ठेवली नव्हती त्यांचा तो गेला. मग दुसरा गट पुढे येतो. हा गट ग्वाल्हेरला बराच मोठा आहे, कारण तीन पिढ्या सरकारी नोकरीत गेलेल्या. ‘सरकारी असलं की बुडत नाही,’ असं हा गट म्हणतो. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि जी-ड्राइव्ह नावाच्या सरकारी साठ्यातला ८५८ टीबी मजकूर नाहीसा झाला. कर्मचाऱ्यांना सांगितलं होतं की कागद आपल्या संगणकावर न ठेवता इथेच ठेवा. साठा फार मोठा, म्हणून त्याची दुसरी प्रत काढली नव्हती. ‘काम फार होतं म्हणून केलं नाही’ हा शेरा आमच्या मोतीमहालातल्या जुन्या कचेऱ्यांतही शोभला असता.

या सगळ्यात मला सर्वांत शहाणी वाटते ती ऑस्ट्रेलियातली युनिसुपर ही निवृत्तिवेतन सांभाळणारी संस्था. सहा लाखांवर सभासद, गूगलची मोठी गिऱ्हाईक. गूगलच्याच बाजूने मांडणी करताना एक रकाना कोरा राहिला होता, त्यामुळे मे २०२४ मध्ये त्यांचा तिथला खाजगी ढग पुसला गेला. आठवडाभराहून अधिक काळ सभासदांना आपली पुंजी दिसेना. पण संस्थेने एक प्रत भलत्याच कंपनीकडे ठेवली होती, आणि सगळं परत उभं करायला तिचीही मदत झाली. जगातल्या नामांकित कंपनीवर विश्वास ठेवूनही तिच्यावर संशय घेण्याची ही जी घरंदाज वृत्ती आहे, तिला आपल्याकडे विनाकारण ‘खवचट’ म्हणतात.

‘मग काय, आपली हार्ड डिस्क बरी’ म्हणणाऱ्यांशी फार वाद घालत नाही. कपाटातली डिस्क आपली असते हे खरं, पण तिची वायर कुणाची असते ते सापडत नाही. शिवाय नुसतं जपून भागत नाही, वाचताही यायला हवं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कित्येक मराठी घरांत आजही मोडी लिपीतले कागद रुमालात बांधलेले आहेत: कागद शाबूत, शाई शाबूत, वाचणारा नाही. इनाम होतं की देणं होतं हेच कळत नसल्याने मंडळी ते रुमाल दसऱ्याला पुजतात, म्हणजे दोन्ही शक्यता सांभाळल्या जातात.

खरी मेख चावीत आहे, आणि त्या बाबतीत ग्वाल्हेरचा अनुभव दांडगा. १८५८ च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे यांच्या फौजांनी शहर घेतलं, मग इंग्रजांनी ते परत जिंकलं, जयाजीराव शिंद्यांना गादीवर बसवलं आणि किल्ला मात्र स्वतःकडे ठेवला, तो थेट १८८६ पर्यंत. आता महाराजांची अडचण बघा. शिंद्यांची गंगाजळी किल्ल्यातल्या तळघरांत दडवलेली, असं परंपरा सांगते, आणि किल्ल्यावर पहारा परक्यांचा. माल आपला, जागा दुसऱ्याच्या ताब्यात, आणि त्या दुसऱ्याला आत काय आहे ते कळू द्यायचं नाही: जिला आजचे तंत्रज्ञ कूटबद्ध साठवण म्हणून मोठ्या ऐटीत सांगतात, ती हीच. अठ्ठावीस वर्षं ती टिकली. पहारेकऱ्यांना पत्ता लागला नाही. साठवणुकीच्या दृष्टीने हा नमुना जवळजवळ निर्दोष म्हणायचा. घोटाळा झाला तो दुसरीकडेच. खजिन्याच्या वाटेची खूण, जिला बीजक म्हणत, ती एकट्या महाराजांकडे. १८८६ मध्ये किल्ला परत मिळाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये जयाजीराव वारले. वारस माधवराव अवघ्या नऊ वर्षांचे. नऊ वर्षांच्या मुलाला कुणी पासवर्ड सांगत नाही. आणि सांगायचं वय येईपर्यंत थांबायचं म्हटलं तर मरण थांबत नाही. पुढे माधवरावांना तो खजिना कसा गवसला याच्या कथा सांगणाऱ्यागणिक बदलतात, त्यामुळे त्यांत शिरत नाही. मात्र त्यांनी पुढे काय केलं ते नोंदलेलं आहे: पैसा तळघरात न कोंडता उद्योगांत गुंतवला. टाटांच्या पोलाद कारखान्याला खेळत्या भांडवलासाठी चार लाख पौंडांचे कर्जरोखे काढावे लागले, तेव्हा ते सगळेच्या सगळे शिंदे सरकारांनी उचलले. एका तळघराचा आणि एका बीजकाचा जाच सोसलेल्या माणसालाच हे सुचावं.

आज प्रत्येक घरात एक जयाजीराव आहे. कुटुंबाचे वीस वर्षांचे फोटो, घराच्या खरेदीखताची प्रत, विम्याचे कागद त्याच्या खात्यात. खात्याची किल्ली त्याच्या मोबाइल नंबरावर येणाऱ्या ओटीपीत. आणि नंबर त्याच्याबरोबरच जाणारा. बंद पडलेला नंबर निदान ९० दिवस कुणाला देत नाहीत, नंतर तो दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ शकतो, म्हणजे बीजक मिळणार ते मोरार उपनगरातल्या कुठल्या तरी अनोळखी कॉलेजकुमाराला. त्यात दोन वर्षं न उघडलेली खाती पुसायचं धोरण गूगलने २०२३ मध्ये आणलं आहे. किल्ल्यातला खजिना निदान वारसाची वाट बघत पडून राहिला. ढगातला तेवढीही कळ काढणार नाही. म्हणून सेवा निवडताना ‘जागा किती’ याआधी विचारायचं ते हे: माझ्यामागे आत कोण शिरू शकेल, सगळा माल एकदम बाहेर काढता येतो का, आणि इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं का. या शेवटच्या प्रश्नावर भलेभले फसतात. फोनमधून फोटो काढून टाकला की ढगही इमानदारीने तो काढून टाकतो, कचरापेटीत ठरावीक दिवस ठेवतो आणि मग विसरतो. इतकी आज्ञाधारक प्रत ही दुसरी प्रत नसतेच.

दुसरी प्रत कशी असावी हे बघायचं तर ग्वाल्हेरची गायकी बघा. बडे महंमद खाँ आपल्या ताना कुणाला देईनात, तेव्हा ग्वाल्हेरच्या त्या वेळच्या महाराजांनी हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांना पडद्याआड बसवून त्या ऐकवल्या, असं सांगतात. आजच्या कायद्यात हे बसलं नसतं, पण प्रत निघाली. हस्सू खाँच्या शिष्यांपैकी वासुदेवबुवा जोशी, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, मिरजेत त्यांच्याकडून विष्णु दिगंबर पलुस्कर, आणि १९०१ मध्ये त्यांचं गांधर्व महाविद्यालय निघालं ते थेट लाहोरला. इकडे शंकर पंडित आणि कृष्णराव पंडित यांनी गावातली प्रत गावात जपली. एकाच मालाच्या प्रती वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या माणसांकडे, एकमेकांवर थोडं नाक मुरडणाऱ्या. ढगाकडूनही याहून जास्त अपेक्षा ठेवू नये: तो या साखळीतला एक शिष्य असावा, घराण्याचा एकमेव गवई नसावा. शिष्य फुकट शिकतोय म्हणून कुणी त्याला हाकलत नाही.

राहता राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो सगळ्यांत प्रामाणिक आहे: ‘आमच्याकडे कुठे गंगाजळी आहे? निम्मे फोटो गुलाबाच्या फुलावर “शुभ सकाळ” लिहिलेले.’ मान्य. देवळाच्या शिलालेखात पन्नास हारांची नोंद आहे, रोजच्या पन्नास हारांचे फोटो नाहीत, आणि म्हणून तो एका भिंतीत मावला. काय ठेवायचं हे ठरवायचे कष्ट नकोत, म्हणून तर आपण अधिक जागा मागत सुटतो. पण त्या निम्म्या गुलाबांखाली कुठे तरी खरेदीखत आहे, आणि गुलाब वेचत बसायला वारसांना सवड नसते. त्यासाठी कंपन्यांनी सोय केलेली आहे. ॲपलच्या खात्याला वारस नेमता येतो. गूगलमध्ये २०१३ पासून अशी तजवीज आहे की खातं तीन महिने ते दीड वर्ष, आपण ठरवू तितका काळ, निपचित राहिलं तर आपण नेमलेल्या माणसांना त्यातला आपण ठरवलेला मजकूर मिळतो. जयाजीरावांना हा फॉर्म मिळाला असता तर ग्वाल्हेरच्या इतिहासातलं एक रसाळ प्रकरण गेलं असतं. फॉर्म सोपा आहे, फुकट आहे, दहा नावांपर्यंत जागा आहे. इतका सोपा असून तो भरलेला माणूस सहसा भेटत नाही, आणि त्याचं कारण तांत्रिक नाही. मराठी घरात विश्वासाची दहा नावं चुटकीसरशी सुचतात. पंचाईत इतकीच की त्यांतल्या नऊ जणांना दिसू नये म्हणूनच तो फोल्डर केलेला असतो.