आधी प्लगइन, मग दर्शन

नारायणगावाहून खोडदच्या वाटेला लागले म्हणजे शेतमळ्यांपलीकडे पोलादी तारांच्या जाळीने विणलेल्या ज्या विशाल तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसतात, त्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या असून, सगळ्या मिळून ३० तबकड्यांची ही रेडिओ दुर्बीण प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या प्रतिभेतून साकारलेली आहे. सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दूरस्थ दीर्घिकेतील हायड्रोजनने धाडलेला क्षीण संदेश या दुर्बिणीने टिपल्याचे २०२३ च्या जानेवारीत शास्त्रज्ञांनी जाहीर केले. आणि विशेष नमूद करण्याजोगी बाब अशी, की संदेश धाडताना त्या दीर्घिकेने ‘हा मजकूर पाहण्यासाठी आमचे प्लगइन बसवा’ अशी अट घातलेली नव्हती. दीर्घिकेला कचेरीच्या कारभाराचा अनुभव नसावा, हे उघड आहे.

तो अनुभव भूतलावरच्या अर्जदारास भरपूर आहे. २०१५ च्या सुमारास गावरस्त्याच्या कामाची ई-निविदा भरू इच्छिणाऱ्या एखाद्या लहान ठेकेदाराने संगणक केंद्राची पायरी चढावी, तो तेथे डिजिटल सहीचा डोंगल खिशात असूनही त्याची सही उमटत नसे. जावाची एक विवक्षित आवृत्तीच हवी. तिच्याहून जुनी चालणार नाही आणि नवी तर मुळीच नाही. ती बसवावी, संकेतस्थळाचा पत्ता अपवादांच्या यादीत स्वहस्ते दाखल करावा, आणि मग पडद्यावर पिवळ्या त्रिकोणासह प्रकट होणारा धोक्याचा इशारा शांतपणे दुर्लक्षावा. कारण यंत्र जिवाच्या आकांताने ‘नको’ म्हणत असताना मार्गदर्शिकेत मात्र ‘रन’ या बटणाकडे ठळक लाल बाण काढलेला असे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात क्रोमने असल्या प्लगइनांना दरवाजा कायमचा बंद केला, तेव्हा चाणाक्ष केंद्रचालकांनी एक जुना संगणक बाजूला काढून त्यावर ‘अपडेट करू नये’ अशी चिठ्ठी डकवली. तेवढी एक चिठ्ठी मात्र कोणत्याही प्लगइनविना वाचता येत असे.

जावाचे धाकटे बंधू फ्लॅश यांचा थाट निराळा. १९९६ साली अवतरलेल्या या कलावंताने संकेतस्थळांना प्रवेशिका सादर करण्याची चटक लावली. नारायणगावच्या तमाशाच्या फडात आधी गण, मग गवळण आणि पुढे वग उभा राहतो. गणासाठीसुद्धा पब्लिक मनापासून बसते, कारण वग येणार याची खात्री असते. फ्लॅशच्या फडात गणच रात्रभर चाले: बोधचिन्ह गिरक्या घेई, अक्षरे एकेक करून उडत येत, सनई वाजे, डायल-अपचे मीटर पळत राही आणि वगाच्या जागी दूरध्वनी क्रमांक निघे. कंटाळून ‘मागे’ दाबावे, तर वाचक थेट वेशीबाहेर. तो क्रमांक उतरवून घेता येत नसे, अक्षर मोठे करता येत नसे. आणि मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालीवर विसंबलेल्या अंध वाचकापुरते तर ते पान बहुधा कोरेच असे. हा भाग मात्र थट्टेचा नव्हे. याकोब निल्सन या अभ्यासकाने २००० च्या ऑक्टोबरातच ९९ टक्के फ्लॅश वाईट, असा निकाल देऊन ठेवला होता. परंतु निकाल आणि त्याची तामिली यांच्यात किती अंतर असावे, याबाबत सगळ्या जगाचा शिरस्ता आपल्यासारखाच दिसतो.

अखेर ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारीपासून उरलासुरला मजकूरही अडविला. तीन वर्षे आधी नोटीस बजावलेली होती. तरीही दक्षिण आफ्रिकेच्या महसूल खात्याने आपले फ्लॅशमधील कराचे नमुने बदलण्याचे काम पुरे होण्याआधी, त्याच महिन्यात त्या नमुन्यांसाठी खास स्वतःचा ब्राउझर प्रसृत केला. हे वाचून आमचा ऊर अभिमानाने भरून आला. नमुना बदलण्याऐवजी जग बदलण्याची ही वृत्ती केवळ आपल्याच तहसिलीची मिरासदारी आहे, असा आमचा उगाच समज होता.

इंटरनेट एक्सप्लोररही २०२२ च्या जूनमध्ये निवृत्त झाला. मात्र त्याचा आत्मा ‘आयई मोड’ या नावाने दुसऱ्या ब्राउझरच्या देहात किमान २०२९ पर्यंत सेवेत राहील, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. तेव्हा केंद्रचालकांनी ती चिठ्ठी काढण्याची घाई करू नये, आणि अर्जदारांनी डोंगल सोबत आणावा.