टक् म्हणजे टक्

सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाची गाडी जॅकवर चढली की थोड्याच वेळात एक गृहस्थ जिना उतरून येतात. हाफ शर्ट, पायात सपाता, खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी. हात पाठीशी बांधून ते उभे राहतात. जॅक कुठे टेकवलाय, मागच्या चाकाला वीट लावलीय की नाही, हे सगळं बघतात. बोलत मात्र काहीच नाहीत. गाडीचा मालक शेवटचा नट आवळून, घाम पुसून ‘झालं बुवा एकदाचं’ म्हणतो, तेव्हा ते खाकरतात आणि विचारतात, ‘‘किती टॉर्क?’’

या प्रश्नाला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर चालत आलंय: ‘‘चांगला घट्ट आवळलाय.’’ ते ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जी कळ उमटते, ती बघून माणूस गाडीच काय, सायकलसुद्धा विकायला काढील.

ही जमात भोसरी, चिंचवड, चाकण या पट्ट्यात पिकते. उभी नोकरी इन्स्पेक्शन खात्यात. लाइनवरून पुढे सरकणाऱ्या नटाचा टॉर्क तपासायचा आणि बरोबर असला तर त्यावर रंगाच्या पेनानं एक पिवळी रेघ ओढायची. रेघ नटावरून थेट खालच्या पत्र्यावर उतरते. पुढे नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. रिटायर होताना कंपनी शाल देते, श्रीफळ देते, घड्याळ देते. रेघ ओढायची सवय मात्र परत घेत नाही. आमच्या सोसायटीतल्या काकांच्या घरी बाल्कनीच्या ग्रिलवर, जेवणाच्या खुर्च्यांवर, देवघराच्या बिजागरीवर पिवळ्या रेघा आहेत. मुलीच्या साखरपुड्यात पाहुण्यांनी त्या शुभचिन्ह समजून त्यांना हळदकुंकू लावलं होतं.

पोरं त्यांना न्यूटन काका म्हणतात. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये मोजतात म्हणून. काकांना ते आवडतं, पण दाखवत नाहीत.

काकांची खरी इस्टेट म्हणजे टॉर्क रेंच, लावलेल्या आकड्याएवढा पीळ बसला की ‘टक्’ करणारा पाना. लाल प्लास्टिकच्या डब्यात, गोदरेजच्या कपाटात, काकूंच्या चांदीच्या ताटाशेजारी. त्याचे नियम कडक. त्यानं नट सोडवायचा नाही, फक्त आवळायचा. काम झालं की मूठ फिरवून आकडा सगळ्यात खालच्या खुणेवर आणायचा, म्हणजे आतली स्प्रिंग ताणलेली राहत नाही. आणि कुणालाही उसना द्यायचा नाही. सख्ख्या भावालाही नाही, त्याला तर नाहीच. खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. पक्कड, हातोडी, टपारियाचे पाने, सगळ्यांना हळदकुंकू. रेंचला फक्त झेंडूचं फूल. ‘‘कुंकवाचे कण रॅचेटमध्ये जातात,’’ काका म्हणतात. देवीनं हे मान्य केलंय असं दिसतं.

5000 वेळा वापर किंवा 12 महिने, यातलं जे आधी भरेल तेव्हा असा रेंच तपासून घ्यावा, असा रूढ दंडक आहे. काका एका वहीत प्रत्येक ‘टक्’ची नोंद ठेवतात. सोसायटीत मिळून-मिळून गाड्या किती आणि त्यांना हात लावू देणारे किती! या जन्मी 5000 भरायचे नाहीत. दर वर्षी 12 महिनेच आधी भरतात. मग काका रिक्षा करून भोसरीला जातात, रेंच तपासून आणतात, सर्टिफिकेट फाइलला लावतात. त्यांच्या स्वतःच्या तपासणीची फाइल काकू सांभाळतात, कारण ती तारीख त्यांच्या लक्षात राहत नाही.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या आयटीतल्या मुलाच्या गाडीचा ब्रेक करकरायला लागला. पुढचे पॅड झिजून लोखंडाला लोखंड लागलेलं, डिस्कवर नांगरट. नाना पेठेतून तो दोन डिस्क आणि पॅडचा सेट घेऊन आला आणि रविवारी सकाळी, मोबाइल बॉनेटला टेकवून, व्हिडिओ बघत कामाला लागला. काका जिना उतरले. या खेपेला त्यांच्या हातात मायक्रोमीटर होता.

आधी जुन्या डिस्कची जाडी मोजली. किती झिजलेली चालेल तो कमीत कमी आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. तो त्यांनी मुलाकडून मोठ्यानं वाचून घेतला आणि मग म्हणाले, ‘‘म्हणजे ही गेल्याच वर्षी बाद झाली होती. तू वर्षभर नशिबावर थांबत होतास.’’ कॅलिपर ब्रेकच्या रबरी होजवर लोंबकळत होता. काकांनी एक शब्दही न बोलता घरून कपड्याच्या हँगरची तार आणली आणि तो स्प्रिंगला बांधून टाकला. मग हबचा गंज. अर्धा तास वायर ब्रश. मुलगा कंटाळला. ‘‘काका, आतला भाग आहे, कोण बघणारे?’’

‘‘डिस्क बघते,’’ काका म्हणाले. ‘‘मध्ये गंजाचा पापुद्रा राहिला की ती तिरकी बसते. मग नट कितीही बरोबर आवळ. पाच-सात हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबलास की स्टिअरिंग थरथरणार आणि तू गावभर सांगणार, डिस्क वाकडी निघाली. डिस्क सरळ असते रे. बसवणारा वाकडा असतो.’’

नवी डिस्क गंजू नये म्हणून तिला तेल लावलेलं असतं, तेही काकांनी धुवून घेतलं. प्रकरण अडलं ते दुसऱ्या बाजूला, ब्रॅकेटच्या बोल्टांवर. ते जागचे हलेनात. शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींना बोलावणं गेलं. ते आले, सोबत हेल्पर आणि अर्ध्या मीटरचा पाइप. पाइप पान्याला अडकवला, हेल्पर त्यावर उभा राहिला, कट्ट आवाज झाला, बोल्ट सुटला. इथपर्यंत काकांची हरकत नव्हती. सोडवताना काय वाटेल ते करा. पण नवी डिस्क चढल्यावर मिस्त्रींनी बोल्टला प्रेमानं ऑइल चोपडलं, पाइप पुन्हा लावला आणि हेल्परला म्हणाले, ‘‘चढ रे.’’

‘‘थांब!’’ काका ओरडले. ‘‘तुझं वजन किती?’’

‘‘साठ, काका.’’

‘‘जेवणाआधी की नंतर?’’

हेल्पर गोंधळला. काकांनी खिशातून पेन काढून नव्या पॅडच्या खोक्यावर हिशोब मांडला: 60 किलो, गुणिले 9.8, गुणिले अर्धा मीटर. 294 न्यूटन-मीटर. ‘‘आणि या बोल्टला हवाय किती? शंभराच्या घरात! तिप्पट! हा बोल्ट आवळायला निघालाय की फाशी द्यायला?’’

मिस्त्री शांतपणे तंबाखू मळत म्हणाले, ‘‘काका, तीस वर्षं हातात पाना आहे. एक चाक निखळलं का आजवर?’’

‘‘निखळलं नसेल. पण रस्त्यात पंक्चर झाल्यावर तुम्ही आवळलेला नट डिकीतल्या पान्यानं किती जणांना सुटला, ते विचारा. आणि ऑइल कशाला?’’

‘‘पुढच्या टायमाला सुटायला बरं.’’

इथे काकांचं व्याख्यान सुरू झालं. तोवर पेपर आणायला निघालेले चार जण गोळा झाले होते. बोल्ट म्हणजे स्प्रिंगच, काका सांगू लागले. आवळला की तो केसभर ताणला जातो आणि त्या ताणानं दोन भाग दाबून धरतो. कमी ताणला तर धक्क्यांनी सैल पडतो, जास्त ताणला तर कायमचा लांबतो, आटे जातात, नाहीतर तुटतो. आता गंमत अशी की आपण लावलेल्या जोरातला साधारण निम्मा जोर बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात. प्रत्यक्ष पकडीच्या कामाला येतात शंभरातले जेमतेम दहा. हे ऐकून सोसायटीचे खजिनदार उगाचच दुसरीकडे बघू लागले. ‘‘मॅन्युअलमधला आकडा हे घर्षण धरून काढलेला असतो,’’ काका पुढे म्हणाले. ‘‘ऑइल लावलंत की घर्षण घटलं. तेवढ्याच जोरात बोल्ट भलताच ताणला जातो. आट्याला काय लावायचं, ते लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर कोरडा आणि स्वच्छ. ऑइल पिनांना नाही, पॅडला तर मुळीच नाही!’’

मिस्त्रींनी तंबाखू तोंडात टाकली. वादातून सन्मानानं बाहेर पडायचा हा त्यांचा मार्ग.

बोल्ट पुसले गेले. लाल डबा उघडला. काकांनी आकडा लावून रेंच मुलाच्या हातात दिला, म्हणजे स्वतःची दोन बोटं त्यावर ठेवूनच दिला. ‘‘मूठ मध्यावर धर. झटका नको. सावकाश ओढ.’’ मुलानं ओढला. टक्. मग त्यानं पुन्हा ओढला. टक्.

‘‘दुसऱ्यांदा कशाला?’’

‘‘सेफ्टीसाठी, काका.’’

‘‘सेफ्टी पहिल्या टक्‌मध्ये झाली. दुसरा तुझ्या मनाच्या समाधानाचा. त्याचा आकडा मॅन्युअलमध्ये दिलेला नाही.’’

कॅलिपरच्या पिनांना आकडा तिसाच्या आसपास आला, तेव्हा मुलाला ते फारच कमी वाटलं. एवढी मोठी गाडी थांबवायची आणि इतका हलका हात? बारक्या बोल्टचे आटे सगळ्यात जास्त याच शंकेपायी जातात, असं काकांचं मत आहे. माणसाला गाडीच्या आकाराची भीती वाटते आणि तो ती भीती बोल्टवर काढतो.

चाकाचे नट आधी हातानं फिरवून बसवले, गाडी खाली उतरवली, मग समोरासमोरचे नट आलटून पालटून, एका दमात नाही, दोन फेऱ्यांत. ओळीनं आवळलं तर चाक एका बाजूनं टेकतं आणि तिरकंच अडकून बसतं. प्रत्येक नटावर पिवळी रेघ. मग काकांनी वॉचमनला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. ‘‘ब्रेक दाब.’’

वॉचमननं दाबला. पाय थेट तळाला. तो पांढराफटक पडला. ‘‘साहेब, ब्रेक गेला!’’

‘‘गेला नाही, अजून आलाच नाही. दाबत राहा.’’ जाड पॅड बसावेत म्हणून पिस्टन मागे ढकललेले असतात. पाय मारून मारून ते पुढे आणावे लागतात. पेडल दगडासारखं कडक झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. हे न करता ऐटीत निघालेल्या एका सभासदाची खूण गेटच्या खांबावर अजून आहे. काकांनी तिच्याभोवतीही पिवळी रेघ ओढली आहे.

‘‘शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा तपासायला ये,’’ असं मुलाला बजावलं गेलं. तो पुढच्या शनिवारी बायकोला घेऊन पाचगणीला निघाला. खंबाटकीचा घाट ओलांडतोय तोच फोन: ‘‘किती झाले?’’ वाईला पुन्हा फोन. पाचगणीला पोचल्यावर मुलानं फोन बंद ठेवला. लग्नाला दोनच महिने झाले होते.

मात्र एवढ्या ज्ञानी माणसाच्या घरात एक दुखणं बरेच महिने पडून होतं. काकूंच्या कुकरचा दांडा हलत होता. एक स्क्रू आवळायचा, बस्स. पण काकांना त्याचा टॉर्क कुठे लिहिलेला सापडेना. पुस्तिकेत शिट्ट्या होत्या, डाळीचं प्रमाण होतं, टॉर्क नव्हता. कंपनीला त्यांनी रीतसर पत्र लिहिलं. उत्तर नाही. ‘‘बेकेलाइट आहे, अंदाजानं आवळलं तर तडकेल,’’ असं म्हणून ते रोज कुकरकडे बघत आणि काकू रोज काकांकडे. आकड्याशिवाय त्यांचा हात स्क्रूला लागेचना.

आणि एका रात्री साडेनऊला बेल वाजली. दारात मिस्त्री. हातात टोपी, नजर चपलांकडे.

‘‘काका, जरा तुमचा तो... टकटक पाना मिळेल का?’’

‘‘कशाला?’’

‘‘जावयाची गाडी आलीय. डिस्क-पॅड बदललेत आज. उद्या पोरगी, नातू, सगळे कोकणात उतरणार आहेत.’’

काका त्यांच्याकडे बघत राहिले. ‘‘मिस्त्री, तीस वर्षं अंदाज आहे ना हातात?’’

‘‘तो हाये की. पण तो गिऱ्हाइकाच्या गाडीला. ही घरची गाडी आहे, काका.’’

रेंच अर्थातच उसना मिळाला नाही. काका लाल डबा छातीशी धरून स्वतः गेले. तासाभरानं दोघे परतले, ते कुठला बोल्ट किती, यावर बोलत. काकूंनी चहा टाकला. मिस्त्री स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. ओट्यावरचा कुकर दिसला, दांडा हलवून बघितला, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, दोन पीळ दिले आणि कुकर जागेवर ठेवून कप उचलला. काकू धन्य झाल्या.

काका मात्र कपातला चहा विसरले. ‘‘किती आवळलात?’’

‘‘बसला तेवढा.’’

‘‘म्हणजे किती?’’

‘‘म्हणजे बसेपर्यंत,’’ मिस्त्री म्हणाले आणि चहा संपवून निघून गेले.

काकांनी त्या स्क्रूवर लगेच पिवळी रेघ ओढली. तेव्हापासून रोज सकाळी, काकू अंघोळीला गेल्या की ते चष्मा लावून ती रेघ तपासतात. पावसाळा संपला, दिवाळी झाली, हजारभर शिट्ट्या झाल्या असतील. रेघ केसभरही तुटलेली नाही, आणि काकांना ती गोष्ट सहन होत नाही.